स्वस्त कांद्याचे पैसे कोण भरतं?

थंडी पडली की आम्हा पुण्या-मुंबईकरांना शेताची ओढ लागते. हुरडा पार्टी, चुलीवरची भाकरी, बांधावरचे फोटो. अन्न कुठून येतं हे मुलांना कळायला हवं, असं आपण मनापासून म्हणतो. मीही म्हणतो. पण कळणं म्हणजे काय? मला वाटतं, याची परीक्षा हुरड्यात नाही, कांद्यात आहे.

रब्बीचा कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो आणि चाळीत साठवून पावसाळाभर पुरवला जातो. त्यातला काही सडतो, काहीला कोंब फुटतात, वजनही घटतं. खरिपाचा कांदा टिकत नाही, तो निघाला की विकावाच लागतो. जुना संपत आला आणि पावसामुळे नवा लांबला, की दिवाळीच्या आगेमागे भाव चढतात. मग 'कांद्याने रडवलं' अशा बातम्या येतात. २०२३ मध्ये तेच झालं. केंद्र सरकारने ८ डिसेंबरपासून निर्यात बंद केली, लासलगावला भाव कोसळले. बंदी उठायला मे २०२४ उजाडला.

भाव कोसळणं ही शेतकऱ्याची बातमी, चढणं ही आपली. आणि हे सगळं झालं ग्राहकांच्या, म्हणजे माझ्या नावाने. मला कुणी विचारलं नव्हतं, फायदा मात्र माझ्या पिशवीत पडला.

यावर कुणी म्हणेल, शहरात गरीबही राहतात. खरंय. नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराला किलोमागे वीस रुपये जास्त पडले, तर त्याच्या ताटातला कांदाच जातो. त्याला तो स्वस्त मिळायलाच हवा. प्रश्न एवढाच, की ते वीस रुपये कुणी भरायचे? सरकारी तिजोरीतून भरले तर आपण सगळे भरतो. भाव पाडून भरले तर एकटा शेतकरी भरतो. पुण्य आपलं, खिसा त्याचा! शिवाय मजुराच्या नावाने आलेली ती स्वस्ताई माझ्यासारखा पगारदारही घरी नेतो.

सुगीला पाहुणचार घ्यायचा आणि पडत्या भावात ओळख विसरायची, याला आपण माणसांच्या बाबतीत नातं म्हणत नाही. मग जमिनीच्या बाबतीत का म्हणावं? पुढच्या वेळी 'ग्राहकांसाठी' म्हणून असा निर्णय होईल, तेव्हा निदान विचारूया: आमच्यासाठी, पण कुणाच्या पैशाने?