शब्द दिला होता म्हणून

पहिल्या महायुद्धाची हकिगत सांगताना एक विधान हमखास येतं: युरोपातल्या सत्ता तहांनी एकमेकींशी जखडलेल्या होत्या, म्हणून सारायेव्होतल्या दोन गोळ्यांनी सगळ्यांना रणात ओढलं. या विधानात इतिहास थोडा आणि सुटका फार. एकदा शब्द दिला की पुढच्या निर्णयाचं ओझं आपल्यावर राहत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. महाभारताने हा प्रश्न ऐन युद्धात उभा केला आहे. कर्णपर्वात युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचं मस्तक उडवीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याची पाठ थोपटत नाही, त्याला अडाणी ठरवतो. सत्यव्रती कौशिकाची कथा ऐकवतो: माणसं कुठे लपली ते लुटारूंना खरंखरं सांगून हा तपस्वी नरकात गेला. मग तोड निघते, की वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध. तेवढ्यावर प्रतिज्ञा फेडावी. याला पळवाट म्हणा हवं तर. पण वचनाचा अर्थ पाळणाऱ्यानेच त्या घटकेला लावायचा असतो आणि त्याचं पापपुण्य त्याच्याच पदरी पडतं, हे यातून स्पष्ट होतं.

ही कसोटी १९१४ च्या उन्हाळ्याला लावून पाहावी. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची करारबद्ध मित्र होती. ऑगस्टच्या सुरुवातीलाच तिने तटस्थता जाहीर केली: करार बचावाचा आहे, आणि ऑस्ट्रियाने स्वतःहून सर्बियावर युद्ध लादलं आहे. रुमानियाही गुप्त तहाने याच गोटात होता. तोही बाजूला राहिला. उलट ब्रिटनचा फ्रान्सशी युद्धात उतरण्याचा लेखी करारच नव्हता, तरी ब्रिटन उतरला. म्हणजे करार असलेले घरी बसले आणि नसलेले लढले. इटलीची नीती शुद्ध होती असं मात्र नाही. १९१५ च्या एप्रिलमध्ये लंडनला गुप्त सौदा करून, प्रदेशांचं आश्वासन घेऊन ती दुसऱ्या बाजूने उतरली. पण तह कोणाला आपोआप रणात ढकलत नाही, एवढं तिच्या उदाहरणाने सिद्ध होतं.

निर्णयाच्या जागा किती होत्या, हे जवळून पाहिलं की अंगावर येतं. २९ जुलैच्या रात्री झार निकोलसने सार्वत्रिक लष्करी जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. जर्मन कैसरची तार आली होती. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी आणि सेनापतींनी गळ घालून तो पुन्हा मिळवला. रशियन जनरल स्टाफचा प्रमुख यानुश्केविच म्हणाला होता की हुकूम एकदा हाती आला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकीन, म्हणजे तो रद्द करायला कोणी मला गाठू शकणार नाही. १ ऑगस्टला बर्लिनमध्ये कैसरलाही क्षणभर वाटलं की सैन्य फक्त पूर्वेला वळवावं. ठरलेली आखणी आता बदलता येणार नाही, असं जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेने सांगितलं. जर्मन रेल्वे विभागाचे जनरल फॉन श्टाब यांनी पुढे पुस्तक लिहून दाखवलं की ती बदलता आली असती. हात बांधलेले नव्हते, बांधून घेतले जात होते.

यावर वजनदार आक्षेप आहे. प्रत्येक जण ऐनवेळी आपल्या शब्दाचा अर्थ लावू लागला तर शब्दाला किंमत काय? १९३८ मध्ये फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाला दिलेलं वचन म्युनिकमध्ये गुंडाळून ठेवलं, तेव्हा शांततेचंच नाव पुढे केलं होतं, आणि वर्षभरात युद्ध आलंच. आक्षेप खरा आहे, पण तो विवेकाविरुद्ध जात नाही. आपल्या शब्दावर विसंबून जो दुबळा उभा आहे, त्याला सोडणं हे कौशिकाच्याच जातीचं पाप. बेल्जियमच्या तटस्थतेची १८३९ ची हमी त्या प्रकारची होती. ५ जुलै १९१४ ला बर्लिनने व्हिएन्नाला दिलेलं आश्वासन निराळं: तुम्ही काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत. पुढचं कृत्य दुसऱ्याच्या मर्जीवर सोडणारं वचन मुळातच देण्याजोगं नसतं. आणि त्याच जर्मन सरकारच्या चान्सेलरने, बेथमान-होलवेगने, ४ ऑगस्टला १८३९ च्या तहाला कागदाचा कपटा म्हटलं. एकाच महिन्याच्या अंतराने एक शब्द प्राणापलीकडचा, दुसरा कपटा! कोणता शब्द पाळायचा ही निवडच होती.

त्या निवडीत हिंदुस्थानला विचारलंच गेलं नाही. ब्रिटन उतरला म्हणून तोही उतरला, आणि मराठा पलटणी मेसोपोटेमियात पोहोचल्या. या शिपायांचीही शपथ होती, खाल्ल्या मिठाची. पण तिचा अर्थ लावण्याची मुभा इटलीच्या मंत्रिमंडळाला होती तशी त्यांना नव्हती. तिथे कुतच्या वेढ्यात रसद संपत आली तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि ते आजारी पडत गेले. शेवटी ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने भारतातल्या धर्मगुरूंची मोकळीक मागवली. ती मिळाल्यावरही कित्येकांनी ते खायचं की नाही यावर अनेक दिवस घालवले, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं.