आधी कुठली भिंत?

पहाडगंजात, चुना मंडीच्या एका गल्लीत, एका मराठी कुटुंबाचं जुनं घर होतं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी दिल्लीला आले, आजी लग्न होऊन साताऱ्याहून आली आणि दोन्ही मुलगे पहाडगंजातल्याच नूतन मराठी शाळेत शिकून मोठे झाले. आजोबा गेल्यावर घर दोघा भावांकडे आलं आणि घराबरोबर वादही आला. थोरल्याचं म्हणणं, बाबांनी घेतलेल्या वास्तूच्या एका विटेलाही हात लावायचा नाही. धाकटा म्हणायचा, गल्लीत घरागणिक हॉटेल झालंय, आपणच काय ते ओल सोसत बसलोय. सगळं पाडू आणि चार मजले चढवू.

आजीला कुणी विचारलं नाही. ती मधल्या खोलीत खिडकीशी बसलेली असायची. तिचा आता घराला काय उपयोग, असं तोंडाने कुणी म्हणत नव्हतं, पण वागण्यात ते होतं.

त्या पावसाळ्यात न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर आजीचा पाय घसरला. सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत, या वयाला एवढ्याशा पडण्यानेही मोडतात.

थोरल्याची मुलगी लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. 1916 पासून मुलींना डॉक्टर करणारं ते कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. संध्याकाळी ती परतली की आजी विचारायची, "आज काय शिकलीस?" एरवी उत्तर दोन वाक्यांत संपायचं. त्या दिवशी नात म्हणाली, "हाड. तुझंच म्हण ना," आणि पलंगावर मांडी घालून बसली.

"सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा होत्या, आजी. पहिलीत वाळलेलं हाड घासून घासून इतकं पातळ केलेलं, की त्यातून उजेड आरपार जावा. त्यात गोल गोल मंडलं दिसतात, वर्तुळात वर्तुळ. एकेक मंडल मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं, आणि मधोमध रक्तवाहिनीचा बोगदा. क्लॉप्टन हॅव्हर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1691 साली या बोगद्यांचं वर्णन छापलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. वर्तुळांच्या मधे काळ्या ठिपक्यांसारख्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीतून केसाहून बारीक वाटा शेजारच्या खोल्यांत गेलेल्या."

"आणि खोल्यांत कोण?"

"कुणी नाही. हाड वाळवून घासलं की पेशी उरत नाहीत. रिकाम्या खोल्यांत हवा भरते, म्हणून त्या काळ्या दिसतात."

आजीला ते आवडलं नाही. मग नातीने दुसरी काच सांगितली. तिच्यासाठी हाड आम्लात ठेवून त्यातला चुन्याचा अंश काढून टाकतात. मागे उरतो तो चिवट धाग्यांचा भाग, कोलॅजेन. त्याची तीन पदरांची वीण जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी 1954 साली मद्रासमध्ये बसून उलगडली, हे सांगताना तिचा आवाज चढला. या काचेत हाड गुलाबी दिसतं, आणि खोल्यांत राहणारे जागेवर सापडतात.

"त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या दहा पेशींतल्या नऊ त्याच असतात. आधी त्या हाड बांधणाऱ्या पेशी होत्या. बांधता बांधता त्यांतल्या काही आपल्याच बांधकामात चिणल्या गेल्या. आता त्या हलू शकत नाहीत, बांधत नाहीत. वीस-पंचवीस वर्षंसुद्धा तिथेच राहतात."

"अगं बाई," आजी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बांधणाऱ्या कळल्या. फोडणाऱ्याही असतील?"

होत्या. ऑस्टिओक्लास्ट: रक्ताच्या घराण्यातून आलेली, अनेक केंद्रकांची थोराड पेशी. ती हाडाला चिकटते, आम्ल सोडते आणि खड्डा करते.

"आपल्याच अंगात हाड खाणारी? औषध देऊन मारत का नाहीत तिला?"

इथवर दोघे भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. चहा घ्यायला आले होते, पण चहा राहिला.

"मारून चालत नाही, आजी. काही मुलं अशी जन्मतात की त्यांच्या या पेशी कामच करत नाहीत. अल्बर्स-शोनबर्ग या जर्मन डॉक्टरने 1904 साली एक्स-रेवर असा रुग्ण पाहिला. हाड पांढरंशुभ्र, भरगच्च, संगमरवरासारखं. पण जुनं हाड कधी निघतच नाही, त्यामुळे ते ठिसूळ होतं आणि मोडतं. आत मगजाला जागा उरत नाही, रक्त तयार व्हायचं थांबत जातं. आजार तीव्र असला तर मूल लहानपणीच जातं. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्याचा मगज देतात, कारण फोडणाऱ्या पेशी मगजातूनच येतात. त्या आल्या की हाड सुधारायला लागतं."

"आणि माझं काय झालं?"

"तुझं उलटं. पाळी गेल्यावर फोडणाऱ्यांना आवर घालणारं संप्रेरक कमी होतं. त्या वाढतात, जास्त दिवस जगतात. बांधणाऱ्या मागे पडतात. प्रत्येक खड्डा थोडा थोडा अर्धवट राहतो."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. "दादा, ऐकलंस? काही फोडायचंच नाही म्हटलं की काय होतं ते."

"मी शेवटपर्यंत ऐकलं," थोरला म्हणाला. "फोडतच सुटलं की काय होतं, तेही."

भाऊ मूर्ख नव्हते. दोघांनाही समोरच्याची चूक स्पष्ट दिसत होती, आणि भांडणं एवढ्यावरच वर्षानुवर्षं चालतात. आजीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता.

"फोडणारीला कुठे फोडायचं ते सांगतं कोण?"

नात हसली. सरांनी वर्गात हेच विचारलं होतं आणि कुणाला आलं नव्हतं. "त्या चिणलेल्या पेशी, आजी. आपण चाललो, ओझं उचललं की त्या बारीक वाटांतलं पाणी हलतं, त्यावरून त्यांना भार कळतो. कुठे सूक्ष्म तडा गेला की तिथल्या वाटा तुटतात, जवळच्या पेशी मरतात, आणि शेजारणींकडून निरोप जातो. मग फोडणाऱ्या नेमक्या तिथे येतात. तीनेक आठवडे फोडतात आणि निघून जातात. त्यांच्या मागोमाग बांधणाऱ्या येऊन तीनेक महिने तो खड्डा भरतात. अशाने वर्षाला हाडांचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो, आणि माणूस उभाच्या उभा असतो."

आजीने प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला.

"न्हाणीघराच्या मागची भिंत आतून पोकळ आहे," ती म्हणाली. "बादली आपटली की आवाज निराळा येतो. जिन्याखाली ओल चढतेय, ती वरच्या टाकीची नाही, शेजारच्या मोरीची आहे. देवघराची भिंत खणखणीत आहे, तिला हात लावू नका. पुढच्या खोलीचं छत मात्र उतरवा. रात्री माती पडते. मला ऐकू येतं."

"आई, कधी बोलली नाहीस," थोरला म्हणाला.

"कधी विचारलंत?"

आठवड्याभरात मिस्त्री आला, हातोडेवाले दोन मजूर घेऊन. धाकट्याने त्याला कागदावरचा नकाशा दाखवला. मिस्त्रीने नकाशा पाहिला, भिंती पाहिल्या, आणि खिडकीशी बसलेल्या म्हातारीला विचारलं, "अम्माजी, कहाँ से शुरू करें?"

आजीने न्हाणीघर सांगितलं, आणि एक अट घातली: ती भिंत फोडून, नवी बांधून, गिलावा वाळल्याशिवाय जिन्याला हात लावायचा नाही.

"असं तर वर्ष जाईल, आई," धाकटा म्हणाला. "तुझं प्लास्टरसुद्धा सहा आठवड्यांत निघेल."

"प्लास्टर निघेल, काका," नात म्हणाली. "आत घाईने सांधलेलं कच्चं हाड असतं. ते थोडं थोडं काढून तिथे पक्कं भरायचं काम पुढे कित्येक महिने चालतं. आणि तेवढ्यात आजीला त्या हाताने पोळ्या लाटता यायला लागतात."

धाकट्याने नकाशाची घडी घातली आणि मिस्त्रीला एका भिंतीपुरत्याच विटा मागवायला सांगितल्या.