वस्त्राचे वय आणि आस्वादाची नैतिकता

जुन्या वस्त्राविषयी दोन प्रश्न विचारले जातात. ते सुंदर आहे का, हा एक; आणि ते केव्हाचे आहे, हा दुसरा. संग्रहालयांच्या व्यवहारात दुसरा प्रश्न तज्ज्ञाकडे व पहिला प्रेक्षकाकडे अशी वाटणी झालेली दिसते. सौंदर्यशास्त्रानेही या वाटणीला बराच काळ मूक संमती दिली आहे. मर्ढेकरांची लयतत्त्वे प्रमाण मानली, तर वस्त्राच्या आस्वादात त्याच्या तारखेला स्थानच उरत नाही. रंग, पोत व आकृती यांच्यातील संवाद, विरोध आणि समतोल एवढे पुरेसे ठरते. वस्त्र १७५० चे असो वा १८५० चे, निळ्याशेजारचा तांबडा तोच.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात केलेल्या युक्तिवादापुढे ही भूमिका टिकत नाही. दोन वस्तू आज डोळ्यांना अभिन्न भासल्या, तरी त्या भिन्न आहेत हे ज्ञान आजच्या पाहण्याला वळण लावते. डोळ्याने काय शोधावे, हे ते ठरवते. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अठराव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या वस्त्रातील तो झगझगीत जांभळा धागा खटकतो. हे खटकणे केवळ माहितीचे नसते. त्यानंतर सारी रंगसंगतीच वेगळी दिसू लागते. ज्ञान आणि संवेदन यांच्यात भिंत घालून आस्वादाचे 'शुद्ध' क्षेत्र राखता येईल, ही कल्पना येथे कोसळते.

मात्र वस्त्राची 'तारीख' ही एकसंध गोष्ट नव्हे. ॲना मारिया गार्थवेट हिने लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील विणकरांसाठी केलेली रेशमी कापडाची आरेखने तारखांसह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन झाली आहेत. त्यामुळे एखाद्या झग्याच्या कापडाचे आरेखन नेमके कोणत्या वर्षीचे, हेही कधीकधी सांगता येते. पण रेशीम महाग होते. झगे उसवले जात, नव्या तऱ्हेने बेतले जात, आईचे लेकीच्या अंगास बसवले जात. म्हणजे कापडाचे वय एक, शिवणीचे दुसरे, फेरफाराचे तिसरे. हस्तलिखितांच्या पाठपरंपरेशी परिचित असलेल्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. नऊवारीसारख्या न शिवलेल्या वस्त्राच्या बाबतीत तर बेतावरून काळ ठरवण्याची ही पद्धतच निरुपयोगी होते. तेथे काठ, पदर, वीण व रंग यांवरच विसंबावे लागते. जुन्या पैठण्या जरीतील चांदी-सोन्यासाठी वितळवल्या गेल्या, तेव्हा हा पुरावाही त्यांच्याबरोबर गेला.

येथवरचा प्रश्न ज्ञानाचा आहे. तो नैतिक केव्हा होतो, हे पाहण्यासाठी सामान्यांच्या वस्त्राकडे वळले पाहिजे. श्रीमंतांचे झगे टिकले. कष्टकऱ्यांचे कपडे अंगावरच विरले, आणि उरलेल्या चिंध्या कागदाच्या गिरण्यांत गेल्या. (अठराव्या शतकातील युरोपीय साहित्य बव्हंशी अशा चिंध्यांच्या कागदावर छापलेले आहे, याचा साहित्येतिहासकारांना सहसा विसर पडतो.) त्या शतकातील इंग्लंडमधील सामान्यांच्या कापडाचा सर्वांत मोठा संग्रह मिळतो तो लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या नोंदवह्यांत. ही संस्था १७३९ मध्ये स्थापन झाली आणि १७४१ पासून तिने, ज्यांना आईबाप सांभाळू शकत नव्हते अशी तान्ही मुले स्वीकारण्यास आरंभ केला. आईचे नाव नोंदवले जात नसे. पुढे कोणी मूल परत मागण्यास आलेच, तर ओळख पटावी म्हणून प्रवेशपत्राला अनेकदा कापडाचा एक तुकडा टाचला जाई. १७४१ ते १७६० या काळातील असे सुमारे पाच हजार तुकडे शिल्लक आहेत. वह्या मिटलेल्या राहिल्याने त्यांचे रंग फारसे उडालेले नाहीत. या काळात सोळा हजारांहून अधिक मुले दाखल झाली. परत नेली गेली ती दीडशेच्या आसपास.

वस्त्रेतिहासकाराला याहून चांगला पुरावा स्वप्नातही मिळायचा नाही. प्रत्येक तुकड्याला वर्षच नव्हे, तर दिवस आहे. १७२१ च्या कायद्याने इंग्लंडात बहुतेक छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घातली होती; ती १७७४ मध्ये उठली. त्या मधल्या काळात भारतीय चिटाची नक्कल करणारी फुले लिननवर व मिश्र कापडावर छापून गरीब स्त्रियांपर्यंत कशी पोहोचली, हे या तुकड्यांवरून कळते. पण ही अचूकता आली कोठून? बार्बरा जॉन्सन या समकालीन धर्मोपदेशक-कन्येने १७४६ ते १८२३ या काळात आपल्या कपड्यांचे नमुने, किंमत व वर्ष यांसह, एका वहीत चिकटवले. तिच्या कापडाला तारीख दिली ती तिने स्वतः. फाउंडलिंगमधील तुकड्याला तारीख दिली ती कारकुनाने, आणि ती वस्त्राची तारीखच नव्हे. ती ताटातुटीची तारीख आहे. कापड त्याआधी किती वर्षे अंगावर होते, हे ती सांगत नाही.

तेव्हा या तुकड्यातील फुलांचा आस्वाद घ्यावा काय? दोन उत्तरे संभवतात. इतिहासकार त्याला नमुना मानतो, आणि त्यात एक निष्ठुरता आहे. भावविवश प्रेक्षक त्याला आईचे काळीज मानतो. यातील दोष अधिक गंभीर आहे, कारण तो आस्वादतो आपलाच कनवाळूपणा. हायडेगरने १९३५-३६ मधील आपल्या व्याख्यानांत व्हॅन गॉगच्या चित्रातील बुटांमध्ये शेतकरीण स्त्रीचे सारे जग पाहिले. मेयर शापिरो यांनी १९६८ मध्ये, ते बूट चित्रकाराचे स्वतःचेच, असा प्रतिवाद केला. देरिदाने १९७८ मध्ये दोघांनाही पेचात धरले: बूट कोणाच्या तरी पायात घालण्याची ही घाई का? फाउंडलिंगच्या तुकड्यांपुढे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. काही तुकडे आईने मागे ठेवले. कित्येक मात्र संस्थेच्याच माणसांनी मुलाच्या अंगावरील कपड्यातून कापले. त्या प्रत्येकात मातेची निवड वाचणे म्हणजे हायडेगरचीच घाई करणे होय.

कालनिर्णयाचे नैतिक कार्य येथे स्पष्ट होते. तो कल्पनेला आवर घालतो. त्याने सांगितलेल्या मर्यादेत राहूनही पाहण्याजोगे पुष्कळ उरते: ठसा किंचित सरकल्याने फुलाबाहेर आलेला रंग, धुवून विरलेली कड, दोनच रंगांत साधलेली नक्षी. हे पाहणे म्हणजे ज्या स्त्रीचे नावही उरले नाही, तिच्याही भोवती आवडीनिवडीचे जग होते, हे मान्य करणे होय. ते जग दयेचा विषय नाही. १७६७ मध्ये सेरा बेंडर हिने आपल्या मुलाबरोबर ठिगळे जोडून शिवलेल्या, हृदयाचे चित्र भरलेल्या एका वस्तूचा अर्धा भाग ठेवला आणि १७७५ मध्ये ती मुलाला परत घेऊन गेली. तेथे हेतू निःसंशय आहे. तो तुकडा तसा वाचता येतो. शेजारच्या पानावरचा वाचता येत नाही. संहिताचिकित्सेत संशयित पाठ खूण करून दाखवण्याची शिस्त आहे. वस्त्राखालच्या फलकावर, तारीख कापडाची, शिवणीची की नोंदीची, आणि तुकडा कोणी कापला, हे सांगण्याची तशी शिस्त अद्याप रूढ झालेली नाही.