स्ट्राडला काय हवं आहे?

१९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, तेव्हा राक्षस खोलीत बसून असे. खेळाडूंनी दार उघडलं की लढाई, मग खजिना. तो तिथे का बसला आहे, हे फारसं कुणी विचारत नसे. भुयारात असाच विनाकारण भेटलेला एक व्हॅम्पायर ट्रेसी हिकमन यांना खटकला, आणि त्या खटकण्यातून त्यांनी पत्नी लॉरा यांच्यासह या खेळासाठी ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस लिहिलं. टीएसआर कंपनीने ते १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात बारोव्हियाचा सरदार स्ट्राड याचं मन धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तात्यानावर गेलं. लग्नाच्याच दिवशी त्याने भावाला मारलं, तिने गडावरून उडी घेतली आणि हा अमर व्हॅम्पायर होऊन मागे उरला. आता इरीना नावाच्या तरुणीत त्याला तात्याना दिसते.

खलनायकाला मन मिळालं, म्हणून या साहसाचं कौतुक होतं. मला त्यातली पत्त्यांची युक्ती जास्त मोलाची वाटते. भविष्य सांगणाऱ्या बाईने मांडलेले पत्ते शस्त्रं कुठे दडली आहेत ते ठरवतात, आणि यावेळी स्ट्राड कशाच्या मागे आहे तेही ठरवतात. भूतकाळ एकच, उद्दिष्ट मात्र दर खेळाला वेगळं. म्हणजे इथे हेतूचा उपयोग पुढची चाल ठरवायला होतो. कादंबरीतला खलनायक लेखकाच्या मुठीत असतो. इथे चार-पाच खेळाडू पुस्तकात नसलेलंच काहीतरी करतात, इरीनाला भलतीकडे लपवतात, गडाकडे फिरकतच नाहीत. अशा वेळी खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टरला, स्ट्राडला काय हवं आहे एवढं ठाऊक असलं, की खेळ अडत नाही. खोलीत बसणाऱ्याला हेतू नसला तरी चालतं. खोली सोडून खेळाडूंच्या मागावर निघणाऱ्याचं त्यावाचून भागत नाही.

यावर कुणी म्हणेल, खेळाडूंना ही कथा अनेकदा कळतच नाही. न कळो. हल्ल्यात त्याने सगळ्यांना रक्तबंबाळ केलं आणि इरीनाला ओरखडाही उठू दिला नाही, एवढं दिसलं तरी पुरे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हेतू दिला की सहानुभूती येते. ती आलीच. १९९० मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’चं स्वतंत्र विश्व झालं, त्यात स्ट्राड स्वतःच्याच मुलखाचा कैदी ठरला, १९९३ च्या ‘आय, स्ट्राड’ या कादंबरीत तर तो स्वतःच स्वतःची कहाणी सांगू लागला. दुःखी प्रियकराची ही झूल त्याला शोभते, पण तात्यानाच्या नकाराला त्यात जागा उरत नाही. तरी दोष हेतूचा म्हणता येत नाही, खलनायकाचं म्हणणं खरं धरण्याचा आहे. ज्याला तो प्रेम म्हणतो ती मालकी आहे, हे डंजन मास्टर विसरला नाही की झालं.

त्याच साहसाच्या २०१६ च्या नव्या रूपाने, ‘कर्स ऑफ स्ट्राड’ने, ते विसरू दिलेलं नाही. त्यात स्ट्राड मारला गेला तरी काही महिन्यांनी परततो. खेळाडूंचा विजय हिरावला गेल्यासारखं हे अनेकांना वाटतं, पण त्याच पुस्तकात विजयाची दुसरी वाट आहे. क्रेझ्क गावच्या तळ्यात मेलेल्या भावाचा आत्मा इरीनाला हाक मारतो, आणि ती त्याच्याबरोबर गेली की स्ट्राडच्या हाती कधीच लागत नाही. त्यानंतर तो काय करील, हे डंजन मास्टरला वेगळं शोधावं लागत नाही: ज्यांनी तिला त्या तळ्यापर्यंत आणलं, ते खेळाडू अजून बारोव्हियातच आहेत.