ज्येष्ठा नक्षत्रावरचा नोहा

एप्रिल २०२४ मध्ये अभिनेते चिन्मय मांडलेकर यांच्या मुलाच्या फारसी नावावरून समाजमाध्यमांवर एवढं काहूर माजलं की, यापुढे छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पोराच्या नावाची किंमत बापाने भूमिका सोडून मोजली. ओरडणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं: नाव आपलं हवं.

ठीक. मग आपल्या पाळण्यांत सध्या काय चाललंय, तेही बघावं. खानदेशातल्या दोंडाईच्यापासून ठाण्यापर्यंत ‘इवान’ हे नाव आता कुणाला नवं राहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं: संस्कृत आहे हो, अर्थ ‘देवाची कृपाळू देणगी’. कोणत्या धातूपासून निघालं, हे मात्र कुणी सांगत नाही. अर्थ जवळपास खरा आहे, आणि चोरी पकडली जाते ती तिथेच. हिब्रूतल्या ‘योहानान’चा अर्थ ‘देव कृपाळू आहे’ असा आहे. हे नाव ग्रीकमधून स्लाव्ह मुलखात गेलं आणि त्याचं इवान झालं. मराठी बायबलात तोच योहान, कुराणात याह्या, इंग्रजीत जॉन. गोव्यात तोच जुवांव. त्याच्या सणाला, २४ जूनला, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरं विहिरीत उड्या टाकतात. म्हणजे जुवांव परका आणि इवान वैदिक! नावाला खोटी वंशावळ चिकटवली की संस्कृतिरक्षक खूश आणि नामकोशवालेही खूश.

या फॅशनला हातभार लावलाय तो पंचांगाने. गुरुजी अवकहडा चक्र उघडतात आणि कृत्तिकेच्या दुसऱ्या चरणाला ‘ई’ हे आद्याक्षर काढून देतात. ईश्वर, ईशान संपले की घरचे इवानवर येऊन थांबतात. खरी पंचाईत पुढे आहे. ज्येष्ठेची अक्षरं ‘नो, या, यी, यू’, मुळाची सुरुवात ‘ये, यो’ने. ‘नो’वरून मराठी मुलाचं नाव सुचवून दाखवावं! हिब्रूत मात्र या अक्षरांची लयलूट आहे: नोहा, याकोब, यिर्मया, योएल, योसेफ, योना. ज्या नक्षत्रांवर मूल जन्मलं की आपल्याकडे शांती करतात, त्यांतली नेमकी ही दोन बायबलातल्या कुलपुरुषांना आणि संदेष्ट्यांना मोकळी ठेवलेली दिसतात. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, ही गंमत नाकारता येत नाही.

आणि खानदेशाला ही नावं नवी कुठे आहेत? बुऱ्हाणपूरच्या गादीवरून खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यात १५०१ ते १५०८ दाऊद खान सुलतान होता. दाऊद म्हणजे दावीद. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात आज युसुफ, याकूब, इलियास, मुसा ही नावं सहज कानावर पडतात. ती हिब्रू आहेत, असं कुणाच्या मनातही येत नाही. हमालाला हाक मारताना कुणी व्युत्पत्ती विचारत नाही.

हौशी आईबापांचा दुसरा एक पंथ आहे. त्याला नाव हिब्रूच हवं, पण उच्चार अमेरिकन मालिकेतला. आयझॅक, जेकब, मोझेस. या मंडळींनी एकदा मराठी बायबल उघडून बघावं. तिथे मोशे आहे, याकोब आहे, इंग्रजी वळसा न घेता मुळाजवळ पोचलेले. हिब्रूचं व्याकरण मराठीत शिकवणारं पुस्तक जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ मध्ये काढलं होतं. शिवाय मराठी जीभ या कामाला मुळातच तयार आहे. आपले ‘च’ दोन, चंद्रातला आणि चाकातला. यित्सहाकमधला ‘त्स’ जवळजवळ चाकातलाच. हिंदीवाल्याला तो मुद्दाम शिकावा लागेल. आणि हिब्रूत ‘ळ’ नाही, त्यामुळे जळगावचं ‘जयगाव’ करणाऱ्या अहिराणीला दुरुस्तीची संधीच मिळत नाही. गोपाळचा गोपाय होतो, नोहा नोहाच राहतो.

इथवर आलं की शुद्धतेचा झेंडा उभारायचा मोह होतो: मूळ हिब्रू उच्चार तेवढा खरा, बाकी भ्रष्ट. पण हा झेंडा कोकणातच खाली येतो.

अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे, शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ठरलेले बेने इस्राएल ज्यू. ही नावं त्यांच्या घरातली, वडिलोपार्जित. त्यांनी ती कशी वापरली? अब्राहामचा अबाजी केला, बिन्यामीनचा बेनाजी, एलियाचा एलोजी, आणि गावाला ‘कर’ लावून आडनाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतला शमुवेल यहेज्केल हा ‘सामाजी हसाजी दिवेकर’ म्हणून वावरला. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आले. सामाजीच्या नावात हिब्रू किती आणि कोकणी किती, हे मोजायला बसणाऱ्याने आधी कंपनीचा हजेरीपट बघावा. याच समाजाने पुढे पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडण सणाची पोथी, हगादा, हिब्रू आणि मराठीत शेजारी-शेजारी छापली. अब्राहाम आणि मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनातून लावली. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातला जॉनचाचा, अर्थात अभिनेता डेव्हिड, याच समाजातला, आडनावाने चेऊलकर. आणि कवी निस्सीम इझिकेल? हिब्रूत निस्सीम म्हणजे चमत्कार, संस्कृतात सीमा नसलेला. संस्कृतिरक्षकांनी हे नाव तपासणीविना पास केलं असतं.

मोशेचा मुसाजी होताना हिब्रू बुडाली नाही. उलट जे नाव गावाच्या तोंडी बसलं, ते शतकानुशतकं टिकलं. आजच्या इस्राएलमध्ये ज्याला ‘खाइम’ म्हणतात, त्याला कोकणात ‘हाइम’ म्हणत आले. कोकणातल्याने हाक मारली म्हणून तो काही उत्तर द्यायचा थांबला नाही.

तेव्हा दोंडाईच्यातल्या एखाद्या घराने नोहा किंवा योएल ठरवलंच, तर अडचण उच्चाराची नाही. फुई, म्हणजे आत्या, पाळण्याशी वाकून कानात ते बिनचूक सांगेल. अडचण कागदाची आहे. जन्माची नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत ते उतरतं. इंग्रजी स्पेलिंग मनाला येईल तसं दिलं, तर पहिलीच्या बाई हजेरी घेताना योएलचा ‘जोएल’ करतील, बोर्डाच्या गुणपत्रिकेत तोच चिकटेल, आणि नावाचा बदल राजपत्रात छापून आणायला बापाला हेलपाटे घालावे लागतील. म्हणून आधी देवनागरीत काय लिहायचं ते घरात पक्कं करावं. इंग्रजी अक्षरं त्याच्यामागून जुळवावीत, आणि नगरपालिकेतून दाखला हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी काना-मात्रा वाचून घ्यावी.