‘का’चा पत्ता

मार्वेहून मनोरीला नेणारी फेरीबोट खाडी ओलांडायला काही मिनिटंच घेते. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी मात्र दुपारी वारा सुटला, पाऊस आडवा लागला आणि फेरी बंद झाल्याची बातमी आली. आम्ही अडकलो होतो असं काही नाही. उत्तन-भाईंदरवरून रस्त्याने वळसा घालून घर गाठता आलं असतं. पण भाड्याचा बंगला, कौलांवर पाऊस, बाहेर झोडपले जाणारे माड आणि गेलेली वीज असं जमून आलं की माणसाला अडकून राहावंसंच वाटतं. वहिनीने पिशवीतून ‘क्लूडो’चा खोका काढला.

हा खेळ माणसं अशीच घरात कोंडलेली असताना सुचलेला. बर्मिंगहॅमचा अँथनी प्रॅट हा वादक. दुसऱ्या महायुद्धाआधी तो हॉटेलांत पियानो वाजवायचा आणि तिथे जमलेली मंडळी खोट्या खुनाचे खेळ खेळताना बघायचा. पुढे बॉम्बहल्ल्यांच्या रात्री सुरू झाल्या, बैठका मोडल्या. तेव्हा त्याने तो खुनाचा खेळ, एका अख्ख्या वाड्यासकट, पुठ्ठ्यावर उतरवला. पट आखला त्याच्या बायकोने. 1949 साली वॉडिंग्टन कंपनीने खेळ बाजारात आणला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे 324 शक्यता. प्रत्येक गटातला एकेक पत्ता पाकिटात जातो, बाकीचे वाटले जातात. आपण विचारत जायचं आणि कोण नाही, कुठे नाही, कशाने नाही, यावर फुल्या मारत जायचं.

आमचा डाव जेमतेम रंगला होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. तिने सकाळी कोळणीकडून घेतलेले बोंबील दाबून, पाणी काढून, रव्यात घोळवून तळले होते. मोजून वीस. ताटात बाराच उरले होते.

नऊ खोल्यांच्या वाड्यातला खून बाजूला पडला. कोण, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. अकरा वर्षांचा भाचा दुपारभर आत-बाहेर करत होता आणि गणपतीतल्या मोदकांचं जुनं प्रकरण त्याच्या नावावर होतंच. “तूच ना रे?” असं पहिल्यांदा मीच म्हणालो. तो “नाही मामा” म्हणाला, दोनदा म्हणाला, मग व्हरांड्यात जाऊन पावसाकडे तोंड करून बसला.

रात्री वीज आल्यावर लॅपटॉपवर ‘क्लू’ पाहिला. क्लूडोचं हे अमेरिकेतलं नाव, आणि त्याच खेळावरून बेतलेला 1985 सालचा सिनेमा. दिग्दर्शक जोनाथन लिन. ‘येस मिनिस्टर’ ही मालिका लिहिणाऱ्या दोघांपैकी एक. आपल्याकडे फारूक शेख यांच्या ‘जी मंत्रीजी’ या रूपांतरामुळे त्या मालिकेची ओळख अनेकांना झाली. सिनेमात वादळी रात्र आहे, बंगला आहे, टोपणनावांनी बोलावलेले सहा पाहुणे आहेत आणि टिम करीने धावत-पळत रंगवलेला बटलर आहे. बघता बघता सहा मुडदे पडतात आणि आपण हसत असतो.

लिनपुढची खरी अडचण मला सिनेमा बघताना कळली. खेळात ‘का’ नाहीच. कर्नल मस्टर्डने ग्रंथालयात पान्याने खून केला, एवढं पुरतं. त्याचं काय बिनसलं होतं, हे कुणी विचारत नाही. सिनेमाला तसं चालत नाही. म्हणून प्रत्येक पाहुण्याला एक गुपित दिलं आणि त्या गुपितावर पैसे उकळणारा एक माणूस उभा केला. झालं असं, की सगळ्यांपाशीच कारण आलं, आणि मग कुणालाही खुनी ठरवता येऊ लागलं. लिनने सिनेमाला तीन शेवट ठेवले आणि वेगवेगळ्या थिएटरांत वेगवेगळा दाखवला. प्रेक्षकांना ते रुचलं नाही, सिनेमा पडला. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ आले, तेव्हा कुठे लोकांना त्यातली गंमत सापडली. तिसऱ्या शेवटात एक पाहुणा सोडला तर प्रत्येकाच्या हाताला रक्त लागलेलं असतं.

तो शेवट चालू असताना काका खोकले. “दोन मी घेतले होते,” ते म्हणाले, “मीठ बघायला.” वहिनीने दोन गरम आहेत तोवर म्हणून घेतले होते. आत्तेभावाने दोन तुटके होते म्हणून. उरलेले दोन माझे. ते मला दुपारीही आठवत होते; पण दोन खाणं म्हणजे चव बघणं आणि बाकीचे सहा म्हणजे चोरी, असा माझा हिशेब होता. चौघांचाही तोच होता. भाच्याने एकही खाल्ला नव्हता. तो आत-बाहेर करत होता, कारण मागच्या दाराशी भिजलेलं मांजराचं पिल्लू होतं. तू सारखा आत का जातोस, हे दुपारभरात त्याला एकानेही विचारलं नव्हतं.

स्वतःच्या कृतीचं ‘का’ आपल्याला तोंडपाठ असतं. दुसऱ्याच्या बाबतीत कोण, कुठे, कशाने, एवढ्यावर आपण निकाल देतो, आणि ‘का’ची जागा जुन्या मोदकांनी भरून काढतो.

क्लूडोत दोन नियम आहेत, जे खेळताना माझ्या कधी लक्षात आले नव्हते. एक, पाकिटात आपल्याच सोंगटीचा पत्ता असू शकतो. खुनी आपणच असतो आणि ते आपल्यालाही ठाऊक नसतं. दुसरा, चुकीचा आरोप करणारा बाद होतो, पण त्याला उठून जाता येत नाही. इतरांनी विचारलं की पत्ते दाखवत त्याला शेवटपर्यंत पटाशी बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी सुरू झाली. आमच्या फेरीला अवकाश होता म्हणून भाच्याने पुन्हा पट मांडला. तो डाव संपेपर्यंत मी बसून राहिलो.