ठिणगी कोणाची?

हुबळीहून धारवाडला जाताना वाटेत अमरगोळ लागते. तेथील बाजार समितीच्या विस्तीर्ण आवारात हंगामात आलेला कापूस पाहिला, की आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. कोणी सिगारेटचे जळते थोटूक तेथे टाकले व आग लागली, तर दोष कोणाचा?

टाकणाऱ्याचा, असे आपण चटकन म्हणू. आणि ते खरेच आहे. एकाने पेटवलेली आग काट्यांतून पसरून दुसऱ्याच्या सुड्या जळाल्या, तर पेटवणाऱ्याने भरपाई करावी, असे निर्गमाच्या 22 व्या अध्यायात सांगितले आहे. आगीशी हयगय करणाऱ्याला आपला फौजदारी कायदाही शिक्षा सांगतो.

पण गोष्ट येथेच संपते काय? बिडी वरचेवर ओढली नाही, तर ती आपोआप विझते. साधी सिगारेट मात्र हातातून गळून पडली तरी जळतच राहते, कारण तिचा कागदच तसा केलेला असतो. कापसात वा गादीत पडलेली तिची धग ज्वाळेवाचून तासन्‌तास धुमसू शकते.

यावर उपाय सापडलेला आहे. कागदावर ठरावीक अंतराने कमी हवा आत सोडणारे पट्टे ठेवले, की न ओढलेली सिगारेट पट्ट्याशी येऊन बहुधा विझते. न्यूयॉर्क राज्याने 2004 साली, कॅनडाने 2005 साली व युरोपीय संघाने 2011 साली अशीच सिगारेट विकण्याचा नियम लागू केला. चाचणीत 100 पैकी निदान 75 विझल्या पाहिजेत, असे प्रमाण आहे. आपल्या 2003 च्या तंबाखू कायद्यात आरोग्याचा इशारा आहे, सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे. परंतु अशा कागदाची सक्ती नाही.

"अशाने माणूस अधिकच बेफिकीर होईल," असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, ही आज्ञा अनुवादाच्याही 22 व्याच अध्यायात आहे. पडणाऱ्याने सांभाळून चालायला हवे होते, ही सबब बांधणाऱ्याला तेथे मिळत नाही. शिवाय बेफिकिरीची किंमत पुष्कळदा भलताच भरतो: शेजारच्या खोलीत निजलेले मूल, वर्षभर राबलेला शेतकरी.

सिगारेट न ओढणे उत्तम, यात शंका नाही. तरी जो ती बनवून नफा घेतो, त्याने तिच्या ठिणगीचाही हिशेब द्यावा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा. आणि आपल्या स्वतःच्या कामात कोणते धाबे कठड्यावाचून राहिले आहे, हे आपण सर्वांनी पाहावे.